कतारगामचे दोन खासदार आणि आमचे तीन

गेल्या पावसाळ्यात कामानिमित्त सुरतेला चार दिवस काढले. मुक्काम कतारगामला. सुरत म्हटले की मराठी माणसाच्या डोक्यात पहिल्यांदा काय येते ते सांगायला नको. महाराजांनी १६६४ साली आणि पुन्हा १६७० साली ही पेठ लुटली, हे आपण चौथीपासून पाठ केले आहे. पण कतारगाम ही आजची सुरत. गल्लोगल्ली हिऱ्याचे कारखाने, घंटीभोवती बसून पैलू पाडणारे कारागीर आणि संध्याकाळी कारखाने सुटले की रस्ता भरून वाहणाऱ्या मोटारसायकली. या कारागिरांना तिकडे 'रत्नकलाकार' म्हणतात. शब्द फार सुंदर, पगार मात्र तसा नाही. गेली दोन-तीन वर्षे मंदीने त्यांचे कंबरडे मोडले आहे.

परत येताना स्टेशनकडे जायला रिक्षा केली. रिक्षावाला निघाला धुळ्याकडचा. मराठी ऐकून खुलला. बोलता बोलता मी विचारले, "तुमचा खासदार कोण हो इथे?" तो हसला. "काका, आम्हाला काय विचारता? आम्ही मतच दिलं नाही. मशीनच आलं नाही आमच्याकडे."

तो विनोद करत नव्हता. कतारगाम हा विधानसभा मतदारसंघ सुरत लोकसभा मतदारसंघात मोडतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार नीलेश कुंभाणी यांचा अर्ज २१ एप्रिलला बाद झाला, कारण त्यांच्या सूचकांनी 'या सह्या आमच्या नाहीत' असे सांगितले. दुसऱ्या दिवशी उरलेल्या सगळ्या उमेदवारांनी अर्ज मागे घेतले. भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध खासदार! बाकीच्या गुजरातने ७ मे रोजी मतदान केले, सुरत घरी बसली. 'नोटा'चे बटण दाबायचीही सोय राहिली नाही.

हा झाला एक खासदार. कतारगामला त्याच वर्षी आणखी एक खासदार मिळाला. गोविंदभाई ढोलकिया. 'श्री रामकृष्ण एक्स्पोर्ट्स'चे संस्थापक, सुरतेत सगळ्यांचे 'गोविंदकाका'. त्यांच्या कंपनीचा कारभार चालतो तो कतारगामातूनच. (कामगारांना दिवाळीत मोटारी वाटणारे सावजी ढोलकिया ते वेगळे, गाव मात्र दोघांचे एकच, अमरेली जिल्ह्यातले दुधाळा.) १४ फेब्रुवारी २०२४ ला भाजपने गुजरातमधून राज्यसभेसाठी चार नावे जाहीर केली, त्यात गोविंदकाका होते. २० फेब्रुवारीला चौघेही बिनविरोध. म्हणजे इथे आमदारांनीसुद्धा मत दिले नाही.

एका वर्षात दोन खासदार, आणि कतारगामातल्या एकाही माणसाच्या बोटाला शाई नाही. रिक्षातून उतरलो तरी हे माझ्या डोक्यातून उतरेना.

आता काही वाचक लगेच म्हणतील, 'आला हा धनिकांवर घसरायला.' नाही हो. गोविंदकाकांबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. शेतकऱ्याचा हा मुलगा १९६४ साली सुरतेत आला, घंटीवर बसला आणि १९७० साली स्वतःचा धंदा उभा केला. २०२१ साली राममंदिरासाठी ११ कोटी रुपये दिले, तेही उघडपणे. त्यांनी कुठल्या पक्षाला गुपचूप काही दिले असा माझा आरोप नाही. आरोप त्या व्यवस्थेवर आहे, जिच्यात देवाला दिलेले दान साऱ्या गावाला कळते आणि पक्षाला दिलेले दान कुणालाच कळू नये म्हणून कायदे करावे लागतात.

आणि श्रीमंत माणूस राजकारणात येण्याचा तिटकारा आम्हा गोमंतकीयांना तरी का असावा? आमचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर खाणमालकच होते की. १९६३ साली सत्तेवर आले तेव्हाही कुणीतरी नाक मुरडले असेलच. पण १९६४ चा कूळ कायदा कुणाच्या सरकारने आणला? त्यांच्याच. भाटकारांच्या हातातला चाबूक ज्या कायद्याने पहिल्यांदा पकडला तो कायदा एका धनवानाच्या सहीने झाला. पुढे शशिकलाताईंच्या कारकिर्दीत १९७५ चा मुंडकार कायदा झाला, १९७६ ची 'कसेल त्याची जमीन' दुरुस्ती झाली. भाऊसाहेबांच्या तिजोरीत किती होते याच्याशी आज कुणाला देणेघेणे नाही. विधिमंडळाच्या दप्तरात त्यांच्या नावावर काय आहे, ते उरले.

माझी मोजपट्टी एवढीच. लोकप्रतिनिधी गरीब की श्रीमंत, गोरा की काळा, भाषण इंग्रजीत करतो की मराठीत, हे सगळे नंतर. आधी दोन कागद शेजारी शेजारी ठेवा. एक, त्याला आणि त्याच्या पक्षाला पैसा कुठून आला. दुसरा, त्याने सभागृहात कुठल्या कायद्यावर काय केले. हे दोन कागद एकत्र वाचले तरच माणूस कळतो. आपल्याकडे गेली वीस वर्षे नेमकी याच्या उलट व्यवस्था चालली आहे. पहिला कागद दडवायचा आणि दुसरा कुणी वाचूच नये इतका कंटाळवाणा करायचा.

राज्यसभेपासूनच सुरुवात करू. अमेरिकेत सिनेटर म्हणतात तसले हे आपले वरिष्ठ सभागृह. नावच 'राज्य'सभा. राज्याचा माणूस दिल्लीत बसून राज्याची बाजू मांडणार, ही कल्पना. २००३ साली लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती झाली आणि दोन गोष्टी बदलल्या. उमेदवार त्याच राज्यातला मतदार असण्याची अट गेली, आणि आमदारांचे गुप्त मतदान जाऊन खुले मतदान आले. कुलदीप नय्यर सर्वोच्च न्यायालयात गेले. २००६ साली न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली.

परिणाम डोळ्यांसमोर आहे. गोविंदकाकांबरोबर गुजरातमधून निवडून आलेले जगत प्रकाश नड्डा हिमाचलचे. आमचे मनोहर पर्रीकर २०१४ साली राज्यसभेवर गेले ते उत्तर प्रदेशातून. आमचे लुईझिन फालेरो २०२१ साली गेले ते पश्चिम बंगालमधून, तृणमूलच्या तिकिटावर, आणि २०२३ साली राजीनामा देऊन मोकळे झाले. नावेलीच्या माणसाने बंगालचे प्रतिनिधित्व करायचे! त्या मानाने गोविंदकाका निदान सुरतेचे तरी आहेत.

आणि ते खुले मतदान? आमदाराने मतपत्रिका पेटीत टाकण्यापूर्वी पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची. दाखवली नाही तर मत बाद. हेतू चांगला सांगितला होता, की आमदार विकले जाऊ नयेत. पण पूर्वीचे भाटकार-मुंडकार आठवा. मुंडकार भाटकाराच्या भाटात राहायचा, त्याच्याच माडाखाली, आणि भाटकार सांगेल तिथे मान हलवायचा. 'पात्रांव म्हणतात तसे.' पक्षाविरुद्ध मत दिले म्हणून राज्यसभेच्या मतदानात आमदारकी जात नाही, हे खरे. पण पुढचे तिकीट जाते, महामंडळ जाते, मतदारसंघातला रस्ता जातो. मुंडकाराला घरातून काढायला तरी १९७५ पासून कायदा आडवा येतो. आमदाराला मात्र तेवढेही संरक्षण नाही.

असो. आता स्वतःच्या अंगणात या. गोव्याला राज्यसभेची एकच जागा. त्या जागेवर २०१७ साली विनय तेंडुलकर गेले, २०२३ साली सदानंद शेट तानावडे गेले, तेही बिनविरोध. दोघेही निवडून आले त्या वेळी आपल्या पक्षाचे प्रदेशाध्यक्ष होते. व्यक्ती म्हणून दोघेही भले असतील. पण राज्याची म्हणून असलेली एकुलती एक खुर्ची जेव्हा पक्ष चालवणाऱ्यालाच मिळते, तेव्हा ती राज्याची खुर्ची राहते की पक्ष-कार्यालयाची?

आणि हे फक्त भाजपचे आहे असे समजू नका. त्याआधी २००५ ते २०१७ अशी बारा वर्षे ती जागा काँग्रेसच्या शांताराम नाईकांकडे होती. नाईक हे अभ्यासू म्हणून ओळखले जाणारे, खासगी विधेयके हिरिरीने मांडणारे खासदार. म्हणूनच त्यांच्या दप्तरातली एक नोंद मला आजही खुपते.

३ जून २०१३ रोजी केंद्रीय माहिती आयोगाने निकाल दिला की काँग्रेस, भाजप, मार्क्सवादी, भाकप, राष्ट्रवादी आणि बसप हे सहा पक्ष माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात. म्हणजे साधा नागरिक दहा रुपये भरून विचारू शकणार, 'तुम्हाला पैसे कोण देतो?' एकमेकांचे तोंड न बघणारे पक्ष किती झटकन एक झाले! सव्वादोन-अडीच महिन्यांच्या आत, ऑगस्टमध्ये, सरकारने दुरुस्ती विधेयक आणले, पक्षांना या कायद्यातून वगळा म्हणून. विधेयक स्थायी समितीकडे गेले. समितीचे अध्यक्ष कोण? आमचे शांताराम नाईक. डिसेंबर २०१३ मध्ये समितीने अहवाल दिला, विधेयकाच्या बाजूने.

त्या समितीत पुण्याच्या अनू आगा होत्या. थरमॅक्सच्या. म्हणजे त्याही उद्योगपतीच, राष्ट्रपतिनियुक्त सदस्य. त्यांनी अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडली. पैसेवाली बाई म्हणते लोकांना हिशेब कळू द्या, आणि लोकांचा म्हणवणारा प्रतिनिधी म्हणतो नको! कुणी म्हणेल, नियुक्त सदस्याला पक्षादेश नसतो, तिला सोपे होते. पण वाचकहो, स्थायी समितीत पक्षादेश कुणालाच लागू नसतो. तिथे प्रत्येक जण स्वतःच्या बुद्धीने बोलायला मोकळा असतो. ते विधेयक पुढे लोकसभेची मुदत संपल्यावर आपोआप मेले, ही गोष्ट वेगळी. पण पक्षांनी आयोगाचा निकाल पाळला नाही तो नाहीच. आणि गोव्याच्या नावावर त्या दप्तरात जे लिहिले गेले ते लिहिले गेले.

दुसरी नोंद २०१७ ची. वित्त विधेयकातून निवडणूक रोखे आले. कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी द्यावी, ही जुनी मर्यादा काढून टाकली. कुठल्या पक्षाला किती दिले हे कंपनीने नफा-तोटा पत्रकात सांगायची गरजही काढून टाकली. २९ मार्चला राज्यसभेने या विधेयकात पाच दुरुस्त्या मंजूर केल्या. कंपन्यांच्या देणग्यांवर मर्यादा हवी, ही सीताराम येचुरींची दुरुस्ती त्यांत होती. राज्यसभेने आपले काम केले, असा तो एक दुर्मीळ दिवस. पण विधेयक 'धन विधेयक' म्हणून आणले होते. म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या सूचना फक्त ऐकून घ्यायच्या. दुसऱ्याच दिवशी लोकसभेने पाचही केराच्या टोपलीत टाकल्या.

तिसरी नोंद मात्र थेट आमच्या मातीतली आहे, आणि तीच सर्वांत कडू आहे. २८ मार्च २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी वेदांत समूहाच्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन परदेशी देणगी कायद्याचा भंग केला. त्या कंपन्यांत नाव होते 'सेसा गोवा'. आपल्या डिचोली-सांखळीकडच्या डोंगरांतून निघालेल्या मातीचा पैसा, आणि दिल्लीच्या दोन्ही पक्षांच्या खात्यात! आता कारवाई होणार म्हणून लोक वाट पाहत बसले. झाले काय? २०१६ च्या वित्त कायद्यात 'परदेशी' या शब्दाची व्याख्याच बदलली, तीही २०१० पासून मागे लागू. पण देणग्या त्याहूनही जुन्या होत्या. म्हणून २०१८ च्या वित्त विधेयकात एक ओळ आली, आणि ती तारीख सरकवून १९७६ केली. बेचाळीस वर्षे मागे! १४ मार्च २०१८ ला लोकसभेने ते विधेयक चर्चेविना मंजूर केले.

आता त्याच आठवड्यात गोव्यात काय चालले होते ते आठवा. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण रद्द केले होते. १६ मार्चपासून खाणी बंद. ट्रकवाले, बार्जवाले, मशीनवर काम करणारे पणजीत रस्त्यावर उतरले. त्यांची मागणी काय होती? १९८७ च्या खाण-सवलती रद्द करण्याच्या कायद्यातली तारीख बदला. कायदा १९६१ पासून मागे लागू केला आहे, तो १९८७ पासून लागू करा. मागणी एका तारखेची!

मी खाणींचा समर्थक नाही. आमच्या नद्यांत आणि शेतांत जो गाळ बसला तो मी पाहिला आहे. ती दुरुस्ती व्हायला हवी होती असे माझे म्हणणे नाही. ती झाली नाही, पुढे २०२२ पासून खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले. पण न्याय म्हणून एवढे बघा. खाणीवर पोट असलेल्या हजारो माणसांनी एक तारीख मागितली, तर संसदेला वेळ नव्हता. कायदा गुंतागुंतीचा होता, अभ्यास व्हायला हवा होता, पाहू, करू. त्याच संसदेला, त्याच आठवड्यात, खाण कंपनीकडून पैसे घेतलेल्या पक्षांसाठी तारीख बदलायला एक ओळ पुरली. तेव्हा गोव्याचे तीन खासदार संसदेत होते. उत्तर, दक्षिण आणि राज्यसभा. त्यांनी त्या ओळीवर काय केले, हे आपण कधी विचारले? मीही नाही विचारले. म्हणून तर हा लेख.

पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले. योगायोग असा की राज्यसभेचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवसही तोच होता. तिकडे दिल्लीत न्यायालय सांगत होते की मतदाराला पैशाचा मार्ग कळलाच पाहिजे, आणि इकडे गांधीनगरात मतदार नसलेल्या निवडणुकीचे अर्ज दाखल होत होते. सहा वर्षांत सुमारे १६,५०० कोटींचे रोखे विकले गेले होते. एप्रिल २०१९ पासूनचा जो तपशील बाहेर आला, त्यात सहा हजार कोटींहून अधिक एकट्या भाजपकडे. देणाऱ्यांत वेदांत सुमारे ४०० कोटी. आणि घेणाऱ्यांच्या यादीत आपले घरचे पक्षही होते, महाराष्ट्रवादी गोमंतक आणि गोवा फॉरवर्ड. रक्कम मोठ्यांच्या मानाने चिल्लर. पण भाऊसाहेबांच्या पक्षाचे नाव त्या यादीत वाचताना मला बरे वाटले नाही.

'रोखे गेले, आता कशाला उगाळता?' असे एका मित्राने मला ऐकवले. रोखे गेले, खरे. साडेसात टक्क्यांची मर्यादा परत आली, तेही खरे. पण आता पैसा इलेक्टोरल ट्रस्टमधून जातो. ट्रस्टला देणाऱ्यांची नावे निवडणूक आयोगाकडे जातात, एवढी सुधारणा मान्य. पण ट्रस्ट एक, देणारे अनेक, घेणारे अनेक. कुणाचा रुपया कुणाच्या खिशात गेला ते अजूनही धुक्यात. शिवाय उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, गोव्यात लोकसभेला ७५ लाख आणि विधानसभेला २८ लाख. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. आणि राज्यसभेच्या उमेदवाराला तर मर्यादाही नाही आणि प्रचारही नाही. त्याचा प्रचार एकाच दारात, पक्षश्रेष्ठींच्या. तिथे काय खर्च होते याचा हिशेब कुठल्या नमुन्यात भरायचा?

म्हणून निवडणुकीच्या वेळी उमेदवाराची मालमत्ता छापून येते ना, ती वाचून आपण जे 'अबब' करतो ते मला फोल वाटते. गोविंदकाकांच्या प्रतिज्ञापत्रातला आकडाही वर्तमानपत्रांनी मोठ्या अक्षरांत छापला. तो त्यांचा घामाचा पैसा, त्यांनी उघड सांगितला, विषय संपला. विषय सुरू होतो पुढे. सहा वर्षांच्या मुदतीत पक्षनिधीवरचा एखादा कायदा आला तर ते काय करतील? कतारगामच्या घंटीवरच्या कारागिराची बाजू घेतील की कारखानदाराची? स्वतः कारागीर होते आणि स्वतः कारखानदार आहेत. भाऊसाहेबांपुढे जो प्रश्न होता तोच हा. उत्तर त्यांच्या मालमत्तेत नाही, संसदेच्या इतिवृत्तात मिळेल.

आपल्या तिघांबद्दलही तेच. आपण त्यांना काय विचारतो? खासदार निधीतून देवळाचा सभामंडप द्या, फुटबॉलच्या मैदानाला दिवे लावा, रेल्वेचा थांबा आणा. विचारा, जरूर विचारा. पण सोबत एक कागदही पाठवा. त्यावर तीनच प्रश्न. पक्षांनी माहिती अधिकाराखाली यावे, याला तुमचा पाठिंबा आहे का? तसे खासगी विधेयक तुम्ही मांडाल का? आणि पक्षनिधीचा कायदा समितीपुढे आला तर भिन्नमत नोंदवायची तुमची तयारी आहे का? उत्तर आले तर ते छापून गावच्या नोटीस-फलकावर लावा. आले नाही तर कोरा कागद लावा. तोही बोलतो.

कतारगामात मी एका छोट्या कारखान्यात शिरलो होतो. मालकाने पुडी उघडून हिरा दाखवला. मी आपला वेड्यासारखा म्हणालो, "वा, काय चमकतो!" तो हसला आणि भिंग माझ्या हातात दिले. "साहेब, चमक बघून घेतो तो गिऱ्हाईक बुडतो. आत बघायचं."

बिनविरोध निवडून आलेल्या माणसाला लोक भिंगाखाली धरतच नाहीत. सुरतेला ती संधीच मिळाली नाही. आपल्याला मिळाली आहे. लोकसभेच्या दोन्ही जागांसाठी आपल्या बोटाला शाई लागली होती. मग आपण आपल्या खासदारांचे दप्तर शेवटचे कधी उघडून पाहिले?